खालची दारं

मराठवाड्यात राहून 'बंधारा काढा' म्हणणं म्हणजे शिव्यांना आमंत्रण. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते काय मी विसरलो नाही. तरी म्हणतो.

आमच्या गावाखाली एक केटीवेअर आहे, म्हणजे खांबांमध्ये लोखंडी दारं बसवलेला कोल्हापुरी बंधारा. मूळ कोल्हापुरी पद्धत मोठी शहाणी. पावसाळ्याआधी दारं काढायची, पूर आणि गाळ जाऊ द्यायचा. पाऊस सरला की दारं टाकून रब्बीला पाणी धरायचं. आमच्याकडं वरची दारं भंगारात गेली (कोणी नेली ते अख्ख्या गावाला ठाऊक, असो). खालची गंजून खाचेत अशी बसलीत की पहारीनंही हलत नाहीत. त्यांच्यामागं गाळ, गाळात बेशरमाची झुडपं. डिसेंबरात तिथं घोटा बुडत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात पूर आला, तो काठ फोडून शेजारनं गेला. चुलत्याचं सोयाबीन गेलं, त्याखालची काळी माती गेली, मुरूम उघडा पडला. पंचनाम्यात कारण अतिवृष्टी. बंधाऱ्याचं नावसुद्धा नाही.

आणि चढणीचे मासे. मिरगाच्या पहिल्या पाण्याला गाभोळीनं फुगलेले मासे अंडी घालायला वर निघतात आणि त्या पत्र्यावर धडका घेतात. टण्, टण् आवाज येतो, काठावर उभं राहून ऐकलाय मी. खाली पोरं बादल्या घेऊन उभीच. लहानपणी वरच्या डोहात मरळ, वाम मिळायची. आता तिथं डोहच नाही.

अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन मोठी धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली, शंभरेक वर्षांनी सामन मासे वर गेले. युरोपनं २०२४ मध्ये कायदाच केला: २०३० पर्यंत २५,००० किलोमीटर नद्या मोकळ्या वाहत्या करायच्या, आणि आधी निकामी झालेले अडथळे काढायचे. तिकडचा पाऊस वेगळा, गरजा वेगळ्या, कबूल. पण 'निकामी' हा शब्द आपल्यालाही लागू पडतोच की.

पाणी धरणारे बंधारे दुरुस्त करा, त्यांची दारं मिरगाआधी निघतील एवढं बघा. जे धरतच नाहीत, त्यांची खालची दारं कापा. खांब राहू द्या हवं तर. गाळ उन्हाळ्यात शेतात न्या, फुकट नेतील लोक.

ग्रामसभेत हे मांडलं तर एक जण म्हणाला, "मासे मतदान करत्यात का?" सगळे हसले. चुलते हसले नाहीत. म्हणाले, "ठराव लिहा. गॅस कटरचं भाडं मी देतो."