ट्रिगरच्या टँकमध्ये स्नेल टाका म्हणे!

सध्या मरीन टँकवाल्यांमध्ये (घरी खाऱ्या पाण्यात समुद्री मासे पाळणाऱ्यांमध्ये) एक सल्ला जोरात फिरतोय. ट्रिगर, पफर, लायनफिश असे दांडगे मासे असतील आणि शेवाळ वाढलं असेल तर मोठे टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी), काटेवाला अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) आणि हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) टाका, कवच आणि काटे असल्यामुळे मासे त्यांना तोंड लावत नाहीत, आणि दर गॅलनला एक स्नेल हा हिशोब. वाचायला छान वाटतं, पण पैसे पाण्यात जातील, अगदी शब्दशः.

आधी ते "दांडगे मासे" घ्या, सगळे सारखे नसतात. मरून क्लाऊन दुसऱ्या माशाला जगू देत नाही, काच घासताना आपल्या हातालाही चावतो, पण स्नेलशी त्याचं काही देणंघेणं नसतं. सोहल टँग तसाच भांडखोर, आणि तो तर स्वतःच शेवाळ खातो. लायनफिश, ग्रुपर तोंडात मावेल ते हलतं सावज गिळतात, म्हणजे कोळंबी आणि छोटे खेकडे गेले, स्नेल बहुतेक वेळा वाचतात. स्नोफ्लेक ईल तर खेकडे-कोळंबीवरच जगते. खरा प्रॉब्लेम कवच फोडणाऱ्यांचा आहे: बरेचसे ट्रिगर, पफर, पॉर्क्युपाइन फिश, हार्लेक्विन टस्कसारखे रॅस जातीचे मोठे मासे. त्यातही नायजर आणि ब्लूजॉ ट्रिगर निसर्गात मुख्यतः प्लँक्टन खातात म्हणून जरा बरे, गॅरंटी मात्र कोणी देऊ नये.

आता "कडक कवच". पफरचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजावेत म्हणून आपणच त्याला कवचासकट शिंपले देतो ना, मग त्याच्यासमोर टर्बो ठेवला की तो सोडून देईल हे कुठलं लॉजिक? आपण शेंगा फोडून खातो तसा खाणार तो.

काट्यांचं तर अजूनच. अर्चिन शेवाळ खातो ह्यात वादच नाही, १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधले लांब काट्यांचे डायाडेमा अर्चिन रोगाने ९० टक्क्यांहून जास्त मेले आणि नंतर तिथले कितीतरी रीफ (प्रवाळाचे खडक) शेवाळाने भरून गेले. पण हेच डायाडेमा ट्रिगरचं आवडतं खाणं आहे. लाल समुद्रातला ब्लू ट्रिगर तोंडाने पाण्याची पिचकारी मारून अर्चिनला उलटा पाडतो आणि खालच्या, कमी काट्यांच्या बाजूने फोडतो. ह्याच्यापुढे छोट्या टक्सीडो अर्चिनचं काय चालणार.

दर गॅलनला एक हा हिशोब तर शांत टँकमध्येही चुकीचा. शेवाळ संपलं की अर्धे उपाशी मरतात आणि मेलेले स्नेल अमोनिया वाढवतात. मेक्सिकन टर्बो थोड्या थंड पाण्यातला आहे, आपल्याकडे चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) २८-२९ डिग्रीला चालणाऱ्या टँकमध्ये तो तसाही फार टिकत नाही. अ‍ॅस्ट्रिया स्नेल उलटा पडला की बरेचदा परत सरळ होता येत नाही त्याला, ट्रोकस स्नेल होतो, म्हणून घ्यायचाच तर ट्रोकस. हर्मिट रिकाम्या कवचासाठी स्नेललाच मारतो, ते एक वेगळंच. आणि कोकणातल्या खडकांवरून नेराइट स्नेल उचलून आणायचा सल्ला देणाऱ्यांनो, ते भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले आहेत, सारखे पाण्याबाहेर चढतात, सकाळी फरशीवर सापडतील.

ह्या सल्ल्यात कॉपरचा (माशांच्या रोगावरच्या तांब्याच्या औषधाचा) उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. असे टँक बऱ्याचदा फिश-ओन्ली (फक्त माशांचे, कोरल नसलेले) असतात, व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आला की लोक डिस्प्लेमध्येच, म्हणजे मुख्य टँकमध्येच, कॉपर ओततात. मासे सहन करतात त्या डोसला स्नेल, अर्चिन, खेकडे सगळे मरतात, आणि लाईव्ह रॉक (टँकमधला जिवाणू असलेला खडक) कॉपर शोषून घेतो त्यामुळे औषध बंद केलं म्हणून लगेच सेफ झालं असं नाही. जुना टँक किंवा रॉक विकत घेताय? आधी त्यात कधी कॉपर टाकलं होतं का ते विचारा.

मग ट्रिगर-पफरवाल्याने करायचं काय? स्नेल सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत) ठेवा, तिथे तरी जगतील, पण डिस्प्लेमधलं शेवाळ ते खाणार नाहीत हे धरून चाला. टँक मोठा असेल तर एखादा टँग. बाकी ब्रश, चांगला स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), पाणी बदलणं, आणि फ्रोजन खाणं वितळल्यावर त्याचं पाणी टँकमध्ये न ओतणं. असे मासे खातातही भरपूर आणि घाणही तेवढीच करतात, शेवाळ त्या घाणीतल्या नायट्रेट-फॉस्फेटवरच वाढतंय.