अर्थसंकल्प वाचत बसू नका

निवडणुकीला उभं राहायचं ठरवलंय ना? मग आधी तो जाहीरनामा माळ्यावर टाका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरच्या कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. हे सभेत सांगून पाहा. दुसऱ्या आकड्याला मागच्या रांगा वडापावच्या गाडीकडे सरकतील. त्यापेक्षा विरोधकाच्या सुटलेल्या पोटावर, चालण्यावर, पोरावर बोला. शिट्ट्या येतात, अभ्यास लागत नाही.

आदर्श मात्र मोठे ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये उद्धव ठाकरे गृहमंत्र्यांना ‘फडतूस’ म्हणाले. देवेंद्र फडणवीसांनी ‘काडतूस’ने फेड केली. यमक जुळलं, दोन्हीकडचे कार्यकर्ते खूश. मूळ विषय होता ठाण्यात एका महिला कार्यकर्तीला झालेल्या मारहाणीचा. तो त्या यमकात कुठं जिरला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. याला म्हणतात कसब.

पुढच्या वर्षी पुण्यानं तर शिकवणी वर्गच उघडला. एप्रिलमध्ये नरेंद्र मोदी नाव न घेता ‘भटकती आत्मा’ म्हणाले. ती कोणाची, हे बारामतीत कुणाला विचारावं लागलं नाही. जुलैत अमित शहांनी ‘औरंगजेब फॅन क्लब’ काढला, त्याचं प्रमुखपद ठाकऱ्यांना दिलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ठाकऱ्यांनी शहांना थेट अहमदशाह अब्दाली केलं. (इतिहासाचा तास शाळेत इतका रंगला असता तर!) या शेवटच्या दोन भाषणांच्या मधल्या दिवसांतच खडकवासल्यातून पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत ते घरात शिरलं. पण पूररेषेत बांधकामं उभी कशी राहतात, हा काय टाळ्यांचा विषय आहे? अब्दाली बरा. तो पूररेषेत राहत नाही.

आचारसंहितेची भीती वाटते? त्यात लिहिलंय खरं, की टीका पक्षाची धोरणं, कार्यक्रम आणि मागच्या कामापुरतीच असावी, खासगी आयुष्याला हात लावू नये. वाक्य सुंदर आहे. फ्रेम करून प्रचार कार्यालयात लावा.

बोलायचं ते सकाळीच बोला. तुमचा बाईट नऊला गेला की दहाला पलटवार, अकराला त्यांच्या पुतळ्याला जोडे, दुपारी तुमच्या फोटोला दुग्धाभिषेक आणि संध्याकाळी चार प्रवक्ते एका चौकटीत. दिवस भरला. फारच अंगलट आलं तर ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला’ म्हणा. व्हिडिओ असला तरी म्हणा. आणि विरोधकावर मनातून रागावू नका, तोही तुमचंच काम करतोय. तुम्ही त्याला शिव्या देता म्हणून त्याला हिशेब द्यावा लागत नाही, तो तुम्हाला देतो म्हणून तुम्हाला.

एकच धोका आहे. मराठवाड्यात, विदर्भात सभा असली की एखादा शेतकरी उठतो. २०२४ ला महायुतीनं सोयाबीनला क्विंटलमागे ६००० रुपये म्हटलं होतं, आघाडीनं ७०००, हमीभाव होता ४८९२ आणि बाजारात तोही मिळेना, तर तुम्ही किती देणार, असं विचारतो. आकडा चुकूनही सांगू नका. तो कोणत्या पक्षाचा आहे, त्याला कुणी पाठवलं आणि त्याचा चुलता कुणाच्या गाडीत फिरतो, एवढं आधीच काढून ठेवा.