जपानची ‘फुकट’ घरं: फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

“जपानमध्ये माणसंच उरली नाहीत. 90 लाख घरं ओस पडलीत. सरकार ती परदेशी लोकांना फुकट देतंय, वर व्हिसा आणि दुरुस्तीचे पैसेही!” व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुरात खरा आहे तो फक्त आकडा.

तोही अर्धवट. 2023 च्या सरकारी पाहणीतल्या या 90 लाखांपैकी जवळपास 44 लाख घरं भाडेकरूची वाट बघणारी आहेत. नुसती पडून आहेत ती साधारण 38 लाख.

माणसं नाहीत म्हणून?  कारण तेवढंच नाही. जपानने 2024 मध्येही आठ लाखांच्या आसपास नवी घरं बांधायला घेतली. करासाठी लाकडी घराचं आयुष्य 22 वर्षं धरतात. त्यानंतर बाजार मोल करतो ते मुख्यतः जमिनीचं.

सरकार घर देत नाही. नगरपालिकेची ‘अकिया बँक’ (अकिया म्हणजे ओस घर) ही नुसती यादी. विकणारा खाजगी मालक, बहुतेकदा वारस. त्याला घाई का, ते बघा. मालमत्ता कर 1.4 टक्के. घर उभं असेल तर 200 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचं करपात्र मूल्य एक षष्ठांश धरतात. घर पाडलं की सवलत गेली. डिसेंबर 2023 पासून, घराची निगा न राखल्याबद्दल पालिकेने ताकीद दिली तरी जाते. हे लचांड घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

व्हिसाचं तर साफ खोटं.  जपानमध्ये परदेशी माणूस जमिनीसकट मालक होतो, हे खरं. पण त्या मालकीवर राहायचा परवाना मिळत नाही. व्यवसायाच्या व्हिसासाठी ऑक्टोबर 2025 पासून 3 कोटी येन भांडवल लागतं.

तरीही घ्यायचंच असेल तर आधी रस्ता बघा. प्लॉटची किमान 2 मीटर बाजू 4 मीटर रुंद रस्त्याला लागलेली नसेल, तर पाडल्यावर सहसा पुन्हा बांधता येत नाही. बांधकाम परवाना जून 1981 च्या आधीचा असेल तर भूकंपाचे जुने निकष. नोंदणीत आजोबांचंच नाव असेल (सातबाऱ्यावर असतं तसं), तर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा होईपर्यंत व्यवहार अडतो. एजंटची फी स्वस्त घरालाही, करासह 3,30,000 येनपर्यंत. आणि दुरुस्तीचं अनुदान? ते बहुतेक ठिकाणी तिथे राहायला येणाऱ्यालाच, काम पूर्ण करून पावत्या दिल्यावर.