संगीतकार बीथोव्हेनचं बहिरेपण आणि शिसं
‘बीथोव्हेन शिशाच्या विषबाधेने बहिरा झाला, केसांच्या तपासणीत सिद्ध झालंय’ असा संदेश फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. केसांच्या ज्या बटेवरून हे आधी बोललं गेलं, ती एका स्त्रीची निघाली. 2023 च्या जनुकीय तपासणीत ते उघड झालं. पुढे 2024 मध्ये त्याच्या खऱ्या केसांतही भरपूर शिसं सापडलं, हे मान्य. पण शिशाने बहिरेपणाला हातभार लावला असेल, इतकंच म्हणता येतं. जनुकांतही ठोस कारण मिळालं नाही. 1827 च्या शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या दिसल्या. त्या कशामुळे, ते कुणीच सिद्ध केलेलं नाही. आणि तो जन्मतः बहिरा मुळीच नव्हता! त्रास विशीच्या अखेरीस सुरू झाला. 1801 च्या पत्रात त्याने स्वतःच लिहिलंय: वाद्यांचे वरचे सूर दुरून ऐकू येत नाहीत.