सतरा जण आणि सातारा

दक्षिण आफ्रिकेत क्रूगरच्या जंगलात सातारा नावाचा कॅम्प आहे, हे मी सासूबाईंना फोनवर सांगितलं तिथंच माझं चुकलं. त्या लोणंदच्या. "म्हणजे विमानात बसायचं, समुद्र ओलांडायचा आणि शेवटी जिल्ह्याच्या गावीच मुक्काम करायचा?" असं म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझं नाव धर गं." यादीतलं ते पहिलं नाव. पुढच्या अकरा महिन्यांत यादीवर कितीतरी नावं चढली, उतरली, पुन्हा चढली. जागचं हललं नाही ते तेवढं एकच.

आम्ही जोहान्सबर्गला राहतो. इथं राहून क्रूगर न पाहणं म्हणजे पंढरपुरात घर घेऊन देवळात न जाण्यासारखं. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमीला चार घरची मंडळी जमली होती आणि कुणीतरी म्हणालं, "जाऊ या की एकदा सगळे मिळून, तंबू लावून." असं म्हणणारा माणूस पुढे काडीचंही काम करत नाही, हा माझा आजवरचा अनुभव. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बुकिंगचं मी बघते."

क्रूगर म्हणजे सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शेजारी मांडा, साधारण तेवढं. फक्त साखर कारखाने नाहीत आणि उसात बिबट्या शिरला म्हणून आरडाओरडा नाही. १९२६ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. मुक्कामाचे कॅम्प कुंपणाच्या आत आहेत, म्हणजे रात्री पिंजऱ्यात आपण आणि मोकळे ते. आणि या पिंजऱ्यात जागा मिळावी म्हणून लोक ११ महिने आधी, बुकिंग उघडल्या उघडल्या तुटून पडतात.

"अकरा महिने?" नागपूरकर म्हणाले. (आमच्यात आडनावांपेक्षा गावं चालतात.) "अकरा महिन्यांत तर आमच्याकडे स्थळ येऊन, लग्न लागून पाळणा हलते वहिनी."

तारीख मात्र पटकन ठरली. ९ ऑगस्ट २०२४, इथल्या महिला दिनाची सुटी, शुक्रवारी आलेली. ऑगस्ट म्हणजे कोरडा हिवाळा: गवत वाळलेलं, प्राणी पाणवठ्यावर, डासही कमी. तंबूच्या एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं चालतात. आम्ही चौघं, नागपूरकर चौघं, ठाणेकर तिघं आणि सडाफटिंग इचलकरंजीकर. बारा. दोन जागा. इतका सुबक भागाकार मी शाळा सुटल्यापासून पाहिला नव्हता. पैसे भरले, पावती सगळ्यांना पाठवली आणि त्यावर अकरा अंगठे आले.

जानेवारीत ठाणेकरांचा मेव्हणा उगवला. "तो ऑगस्टमध्ये येतोय, बायको-मुलीला घेऊन. त्याला काय घरी ठेवून येऊ?" पंधरा. त्याच आठवड्यात नागपूरकरांचं जमेलसं दिसेना, म्हणून अकरा. मग त्यांचं जमलं. पुन्हा पंधरा. "पण नक्की ना?" असं मी विचारलं की ते म्हणायचे, "कायले टेन्शन घेऊन राहिल्या वहिनी? पाहून घेऊ न!" ठाणेकरांचं उत्तर त्याहून अवघड. ते म्हणायचे, "नव्वद टक्के येतोय." आता नव्वद टक्के माणूस तंबूत कसा झोपवायचा? त्याचं डोकं धरायचं यादीत की पाय? जागा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला दशांश अपूर्णांक चालत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. ते इंजिनियर आहेत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं, मग पंच्याण्णव लिही."

एप्रिलमध्ये इचलकरंजीकराने फोन केला. "वहिनी, माझे दोन रूममेट पण येतील. त्यांच्याकडे बकी आहे." बकी म्हणजे इथला मागून उघडा पिकअप. सामानाला गाडी मिळत असेल तर मी चित्त्यालाही रूममेट मानायला तयार होते. सतरा.

आणि इथं मला घेरी यायची बाकी राहिली. त्याचं कारण निराळंच. साताऱ्याच्या कॅम्पला ते नाव कसं पडलं, याची गोष्ट अशी सांगतात की, जमिनींची मोजणी चालू असताना मोजणीदाराच्या हाताखाली एक हिंदुस्थानी मदतनीस होता. १७ नंबरच्या जमिनीला तो आपल्या भाषेत 'सत्रह' म्हणाला, साहेबानं ऐकलं तसं लिहिलं आणि झालं सातारा. म्हणजे गाव साताऱ्याचं नव्हेच, आकडा सतराचा. मी मात्र सतरा डोकी घेऊन सतरामध्ये निघाले होते आणि हातात जागा होत्या बाराच्या.

तिसरी जागा मिळवण्याचा एकच मार्ग: कुणीतरी रद्द करेल ती टिपायची. साताऱ्याच्या आसपास सिंह बरे दिसतात, त्यामुळे तिथलं कुणी सहजासहजी सोडत नाही. मी महिनाभर रात्री-अपरात्री उठून संकेतस्थळ उघडत होते. मे महिन्यात एका पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी हिरवा चौकोन दिसला आणि मी ओरडले. जोहान्सबर्गमध्ये रात्री बाई ओरडली की नवरा आधी अलार्मच्या बटणाकडे धावतो. "काय झालं?"

"सातारा मिळालं!"

"मिळू दे," तो पांघरूण ओढत म्हणाला, "सकाळी सांगली पण घेऊ."

१९५६ साली ९ ऑगस्टलाच वीस हजार बायकांनी पासच्या (काळ्या लोकांना सतत परवाना जवळ बाळगायला लावणाऱ्या) कायद्याविरुद्ध प्रिटोरियात युनियन बिल्डिंगवर मोर्चा नेला होता. त्याचीच ही सुटी. ना मोबाइल, ना गट, ना अंगठे. मला त्या बायकांविषयी आदर आधीही होता. पण वीस हजार जणी एका दिवशी, एका ठिकाणी, वेळेवर आणायच्या म्हणजे काय, ते मला सतरा जण मोजताना कळलं.

सासूबाई आषाढी करूनच आल्या. आळंदी ते पंढरपूर चालून, घरी चार दिवस टेकून थेट विमानात. मी त्यांना माझा तक्ता दाखवला. सात रंग, नऊ रकाने, शेवटच्या रकान्यात 'अंदाजे'. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "यात भिशी कुठाय?"

"भिशी?"

"अगं, दिंडीत आधी भिशी भरायची, मग नाव लागतं. भिशी नाही तर पंगत नाही. तू आधी नावं लिहिलीस आणि आता पैसे मागत फिरतेयस."

हिशेब वाटून देणारं एक अ‍ॅप मी पाच महिने वापरत होते. त्यात एकूण दोघांनी पैसे भरले होते, त्यातली एक मी. सासूबाईंनी माझ्या फोनवरून गटात एक आवाजी निरोप टाकला: "शनिवारपर्यंत भिशी जमा करावी. न करणाऱ्यांनी आपापली भाकरी आणावी. रामकृष्ण हरी." शुक्रवारी रात्री सगळे पैसे आले होते. नव्वद टक्केवाल्यांचे शंभर टक्के.

मग त्यांनी सूत्रंच हातात घेतली. बकी हा दिंडीचा ट्रक झाला: तंबू, भांडी, पाणी, गाद्या त्यात आणि तो सगळ्यांच्या आधी मुक्कामी पोहोचणार. इचलकरंजीकर चोपदार झाला. ठाणेकरीण वहिनींची सहा महिन्यांची एकच चिंता होती, बाथरूम. मी त्यांना स्वच्छतागृहांचे फोटो पाठवून थकले होते. सासूबाईंनी विचारलं, "गरम पाणी आहे?" आहे. "स्वयंपाकघर?" सामायिक आहे, शेगड्यांसकट, उकळत्या पाण्याचा नळसुद्धा आहे. "मग ही बाई घाबरते कशाला? आम्ही टँकरखाली अंघोळ करतो." वहिनींनी पुन्हा विषय काढला नाही.

सासूबाई जरा दुखावल्या त्या एकाच गोष्टीने. उद्यानाचं रोजचं शुल्क इथल्या ओळखपत्रवाल्यांना एक आणि परदेशी पाहुण्यांना त्याच्या कितीतरी पट. "माझ्यासाठी सिंह काय वेगळा आणतात का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळं मार्गी लागलं, असं वाटत असतानाच त्यांनी फ्रिजवर टांगलेलं कालनिर्णय उलटलं. ऑगस्टचं पान. बोट फिरत फिरत नऊवर आलं आणि थांबलं.

"अगं, नऊला नागपंचमी आहे."

श्रावण पाच तारखेला लागतोय एवढं मी पाहिलं होतं. म्हणून आगीवर भाजायला दोन जाळ्या घ्यायच्या, एक श्रावण पाळणाऱ्यांची आणि एक न पाळणाऱ्यांची, हा तह मी जूनमध्येच घडवला होता. नागपंचमी माझ्या तक्त्यातून निसटली होती. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. ठीक आहे, चिराचिरी गुरुवारी रात्री उरकू. पण सासूबाईंचं संपलं नव्हतं.

"आणि जमीन उकरायची नाही. त्या दिवशी शेतात नांगरसुद्धा घालत नाहीत. तंबूला मेखा ठोकाव्या लागतात ना?"

थोडेच दिवस बाकी असताना वादळाची बातमी यावी तसं झालं. ज्या जंगलात खरेखुरे नाग आहेत, थुंकणारेसुद्धा आहेत, तिथं नागपंचमीच्या दिवशी जमिनीत मेखा ठोकायला आमची बाई तयार होणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिनं ते बोलून दाखवल्यावर मीही नव्हते. गटात तीन दिवस चर्चा झाली. नागपूरकर म्हणाले, "पाहून घेऊ न." अखेर ठरलं की तंबूचे कोपरे पाण्याच्या पाच-पाच लिटरच्या कॅनना बांधायचे आणि ठाणेकरांच्या मेव्हण्याला वाऱ्याच्या बाजूला झोपवायचं.

गुरुवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरात पुरणाची दिंडं उकडली. माणशी दोन, म्हणजे चौतीस. सासूबाईंनी छत्तीस केली. "दोन जास्त असू देत. ऐनवेळी कुणी आलं तर?" तेवढ्यात इचलकरंजीकर थंड खोका ठेवायला आला. सासूबाईंनी झाकण उघडलं आणि एक पाऊल मागे सरल्या. आत बुरवॉर्स होतं. हे इथलं लाडकं सॉसेज. हातभर लांब असतं आणि ते नीट वेटोळं घालूनच विकतात.

"उद्या पूजा कुणाची आहे, ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या. वेटोळं शनिवारवर ढकललं गेलं.

निघायचं होतं पहाटे साडेचारला. या देशात 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नव्हे. म्हणजे नंतर, कदाचित आज. आपल्या 'निघालोच'शी त्याचं चांगलंच जमतं. दोन्ही भाषा येणारी सतरा माणसं सहाला निघाली. मिडेलबर्गच्या पुढे एका पेट्रोल पंपामागे कुंपणात गेंडे आणि रानरेडे ठेवलेत. तिथं एक तास गेला. "झालं की दर्शन," सासूबाई म्हणाल्या, "तेही इथल्या दरात." डुलस्ट्रूमला थंडीने दात वाजले. पुढे लायडनबर्गपर्यंतच्या रस्त्यातले खड्डे पाहून मेव्हण्याला घोडबंदर रोड आठवला आणि प्रवासात प्रथमच तो खुलला. ओर्पेन फाटकातून आत शिरलो तेव्हा चार वाजून गेले होते. तिथून सातारा ४८ किलोमीटर, वेगमर्यादा ताशी ५०, कॅम्पचं फाटक सहाला बंद. मध्ये एक हत्ती रस्त्यात उभा राहिला. त्याला कुठं वेळेवर पोहोचायचं होतं? बारा मिनिटं शिल्लक असताना आम्ही आत शिरलो. सगळ्यांच्या आधी पोहोचायची ती बकी आमच्या मागून आली.

आम्ही तंबूंना पाण्याचे कॅन बांधत असताना शेजारचे आफ्रिकान्स आजोबा हातोडी घेऊन मदतीला आले. आज आमच्याकडे सापांचा सण आहे, म्हणून जमिनीत काही ठोकायचं नाही, असं मी समजावलं. ते ऐकून घेत हळूहळू मागे गेले आणि आत जाऊन त्यांनी आपल्या तंबूची चेन वरपर्यंत ओढली.

जेवणं झाली. दिंडं वाटली. कुंपणापलीकडून एक तरस येरझाऱ्या घालत होतं आणि लांब कुठंतरी सिंह असा ओरडत होता की मुलं आपणहून झोपायला तयार झाली. झोपण्याआधी सासूबाईंनी दिंडीतल्यासारखी मोजदाद सुरू केली. विस्तवाभोवती कोण, तंबूच्या दारात कोण, टेबलापाशी कोण. एकेक डोकं, बोटाने.

"अठरा."

"आई, सतरा आहोत आपण."

त्यांनी पुन्हा मोजलं. अठरा. मी मोजलं. अकरा महिने मी सतराच मोजत आले होते, अठरा. नागपूरकरांनी बॅटरी टेबलाकडे फिरवली. टेबलाखाली, लहानसर कुत्र्याएवढा, खाली काळा आणि पाठीवर पांढुरकी झूल घातल्यासारखा हनी बॅजर बसला होता. डब्याचं झाकण त्याने नीट बाजूला काढून ठेवलं होतं. उजेड पडल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं, तोंडातलं संपवलं आणि दुसरं दिंड उचललं.

"माणशी दोनच," सासूबाई पुटपुटल्या.

तीन जागा, प्रत्येकी सहा. मी मनात गुणाकार केला. तो नियमात बसत होता.