मालेला जाताना मीटर विसरू नका

मालदीवला निघालात? अभिनंदन. सनस्क्रीन तिथेही मिळेल, चकल्या आणि बाकरवडी घरचे भरतीलच. तुम्ही फक्त एक वस्तू आठवणीने बॅगेत टाका : ड्रॉवरमध्ये पडलेला तो पेनासारखा टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. प्युरिफायर विकायला आलेल्या पोराने ज्याच्या जोरावर तुम्हाला सोफ्यावरून उठवलं होतं, तोच.

बरेचसे पर्यटक विमानतळावरून स्पीडबोटीत बसतात आणि परस्पर रिसॉर्टवर जातात. तुम्ही राजधानीत, म्हणजे मालेत, एक रात्र थांबा. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट, त्यावर लाखाच्या वर माणसं, आणि एकही नदी नाही, ओढा नाही, धरण नाही. पाण्याबद्दल तक्रार करायला याहून चांगली जागा पृथ्वीवर नाही.

खोलीत शिरल्या शिरल्या नळ सोडा, ग्लासात मीटर बुडवा. आकडा कमी आला तर म्हणा, “यात मिनरल्सच नाहीत.” जास्त आला तर, “केवढे क्षार!” मधला आला तर थोडा वेळ गप्प बसून, “हं.” आकडा कोणताही असो, कपाळाला आठी पडलीच पाहिजे. आंघोळीनंतर साबण अंगावरून जातच नाही, बुळबुळीत वाटतं, ही तक्रारही नोंदवून ठेवा. मऊ पाण्यात, म्हणजे चुन्यासारखे क्षार कमी असलेल्या पाण्यात, असंच होतं, हे काउंटरवरच्या मुलाने सांगितलं तर ऐकलं नाही असं दाखवा. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, ही तक्रार गावाकडच्या खेपेसाठी राखून ठेवा. (मी मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तीन शिट्ट्यांनीही दाद देत नसे आणि नळाच्या तोंडाला पांढरी दाढी यायची. त्यामुळे या विषयात माझा शब्द प्रमाण माना.)

कोणी म्हातारा मालेकर बोलायला लागला तर मात्र सावध राहा, तो तुम्हाला जमिनीखाली नेईल. हे बेट प्रवाळाचं, म्हणजे खाली सगळा चुनाच. पावसाचं पाणी त्यात मुरायचं, मुरता मुरता चुना विरघळवून घ्यायचं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहायचं, दुधावरच्या सायीसारखं. ही साय समुद्रसपाटीच्या वर हातभर असेल तर खाली साधारण चाळीस हात असते, असा हिशेब शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे वरची वीतभर उपसली की खालून चाळीस वीत खारं पाणी वर सरकतं. मालेतल्या घरोघरी ‘गिफिली’ असायची, म्हणजे उघड्यावरची न्हाणी आणि तिच्यातच विहीर. माणसं वाढली, पंप आले, साय संपली. शिवाय विहिरीपासून चार पावलांवर संडासाचा खड्डा. 1978 साली देशात कॉलऱ्याची साथ आली.

त्या विहिरींत तुमचा मीटर बुडवला असता तर त्याने काय सांगितलं असतं? क्षार किती ते. तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. कॉलऱ्याचा जंतू त्याच्या खिजगणतीत नाही. पण हा मुद्दा प्युरिफायरवाल्या पोराने तुम्हाला सांगितला नव्हता, तेव्हा तुम्हीही इतरांना सांगू नका. गप्पांची लय बिघडते.

आता नळाला येतं ते समुद्राचं पाणी. लिटरमागे पस्तीसएक ग्रॅम मीठ असलेलं पाणी, घरच्या कुकरमधल्या वाफेच्या पन्नास-साठ पट दाबाने मीठ अडवणाऱ्या पडद्यातून पलीकडे ढकलायचं, यालाच आरओ म्हणतात. त्यासाठी वीज लागते, विजेसाठी डिझेल, आणि डिझेल येतं जहाजातून. पडद्यापलीकडे जे निघतं ते इतकं मऊ असतं की त्याला थोडे क्षार परत द्यावे लागतात, नाहीतर ते पाइपलाच खायला उठतं. जमिनीत चुन्याने जड झालेलं पाणी, नळात क्षारांना आसुसलेलं पाणी, आणि चहूबाजूंनी मीटरची आकडेमोड संपवून टाकणारं पाणी. एवढं वैविध्य आपल्या अख्ख्या तालुक्यात नाही. तुम्ही तिथे आठवणीने विचारा, “झऱ्याचं पाणी नाही का?”

आणि हो, 4 डिसेंबर 2014 चा विषय काढू नका. त्या दिवशी मालेतल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि शहराचे नळ कोरडे पडले. तुमच्यासारख्या चोखंदळ माणसाने विचारायचा प्रश्न असा, की त्या दिवशी लोकांनी टीडीएस किती मोजला? बाटल्यांसाठी रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमानं पाणी घेऊन उतरली. कोचीहून आयएनएस सुकन्या निघाली, आणि मुंबईहून आयएनएस दीपक सुमारे 1000 टन पाणी घेऊन. आपला मराठी माणूस इथे छाती फुगवू शकतो, पण जपून. कारण दीड वर्षाच्या आत, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मालेला समुद्राने वेढलंय म्हणून पाणी विमानातून आणि जहाजातून आलं. लातूरला कोणी वेढलं होतं, हे मी लातूरकर असून सांगणार नाही. उसाला वाईट वाटतं.

नळाचं पाणी चालतं असं कितीही जणांनी सांगितलं, तरी प्या बाटलीतलंच. दिवसाला चार. रिकाम्या बाटलीची काळजी नको, शेजारी थिलाफुशी म्हणून एक बेटच आहे, खाजणात कचऱ्याची भर घालून उभं केलेलं. तुमचाही हातभार लागेल.

मग मुंबईला परत या. हेही बेटच, पण नशीबवान. तानसा, भातसा, वैतरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, आणि ते मुळातच इतकं मऊ की डाळ पहिल्या दोन शिट्ट्यांत विरघळते. तरीही तुमच्या ओट्यावर आरओ आहे, म्हणजे समुद्रासाठी काढलेलं यंत्र, धरणाच्या पाण्याला लावलेलं. ते एक लिटर देताना तीनेक लिटर मोरीत सोडतं. टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्राला सांगितलं होतं. त्यांच्याकडे बहुधा ते पोरगं आलं नसावं. तिकडे महापालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आखलाय, दिवसाला 20 कोटी लिटरचा. तो झाला की गोडं केलेलं पाणी तुम्ही घरी पुन्हा गोडं करू शकाल. मालेकरांनाही हे सुचलं नाही.

तोवर मीटर ड्रॉवरमध्ये ठेवा, सेल काढून, म्हणजे टिकेल. आणि त्या यंत्राच्या मागून मोरीत जाणाऱ्या बारीक नळीखाली बादली लावायच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळपर्यंत भरते, आणि मग ती उचलून फरशी पुसावी लागते.