‘ठाणं म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम नव्हे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चालणं आणि सायकल यांवर विद्यापीठांत झालेल्या संशोधनाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. ठाणं म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम नव्हे, तिकडचं संशोधन इथे चिकटवू नका. दिल्लीत आयआयटीवाल्यांचा प्रयोग शेवटी उखडावा लागला. घोडबंदर रोडच्या धुळीत चालणं म्हणजे आजार विकत घेणं. आणि स्कायवॉक बांधले की रस्ता ओलांडण्याचा प्रश्न मिटतो. तुम्ही रोज दीड तास त्या रस्त्यावर अडकता, हेही लिहिलंय. तो वैताग मला समजतो, म्हणून उत्तर सविस्तर देते.

दिल्लीचं आधी. आंबेडकर नगर ते मूलचंद हा बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी मार्गिका देणाऱ्या रस्त्याचा, पट्टा २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये तो काढायला घेतला, हे खरं आहे. मधोमध बसची मार्गिका होती, कडेला सायकलींची. गाड्यांना जागा कमी पडते अशी ओरड झाली, आणि ती मुख्यतः गाडीवाल्यांची होती. बसमध्ये उभ्याने जाणारा आणि सायकल मारत जाणारा यांचा आवाज त्यात कुठे ऐकू आला? प्रयोगात त्रुटी होत्या, मान्य. पण तो का गेला हे सांगताना ओरडणारे कोण होते हेही सांगायला हवं.

ठाण्यात सायकल चालवतं कोण, असं तुम्ही विचारलंय. २०११ च्या जनगणनेत कामाला कसे जाता हा प्रश्न होता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांत देशभरात २२.६ टक्के लोक पायी जात होते, १३.१ टक्के सायकलने, आणि चारचाकीने २.७ टक्के. हा आकडा गावं-शहरं मिळून आहे. पण अ‍ॅमस्टरडॅमचा नाही, आपला आहे. पहाटे साडेपाचला पाचपाखाडीत येऊन बघा. हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवलेला दूधवाला, कॅरिअरवर निळ्या प्लास्टिकखाली पाव बांधलेला पाववाला, रात्रपाळी संपवून वागळे इस्टेटकडे निघालेला वॉचमन. वॉचमनच्या सायकलला घंटी आहे, दिवा नाही. रविवारी येऊरला हेल्मेट घालून जाणारे आपल्या नजरेत भरतात, कारण त्यातला कोणीतरी आपल्या ओळखीचा असतो. हे बाकीचे रोज समोरून जातात आणि आपल्या हिशेबात येत नाहीत.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसले तो मुद्दा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या पासष्ट वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या चालण्याचा वेग त्यात तपासला होता. सिग्नलची वेळ ठरवताना तिकडे तेव्हा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरत. आपल्याकडेही गणित साधारण याच वेगाचं असतं. प्रत्यक्षात त्या वयाच्या पुरुषांचा सरासरी वेग निघाला ०.९ आणि बायकांचा ०.८.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मंडईतून परतताना ती आमच्या घराजवळचा चौक ओलांडते. मागच्या महिन्यात मी आणि भावाने पहाटे रस्ता रिकामा असताना टेप धरून तो मोजला. अठरा मीटर भरला. पायी चालणाऱ्यांचा हिरवा सिग्नल सोळा सेकंद राहतो. १.२ च्या वेगाने पंधरा सेकंद लागतात, म्हणजे कागदावर एक सेकंद शिल्लक राहतो. मग सोसायटीच्या आवारात आईला चालायला लावलं. तिचा वेग आला ०.८. अठरा मीटरला साडेबावीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. तिच्या पिशवीत मेथीची जुडी आणि अर्धा किलो तोंडली. हिरवा होताच निघालो. दुभाजक मागे टाकून सहा-सात पावलं गेलो असू, तर लाल झाला. आईने पिशवी उजव्या हातात घेतली आणि डावा हात वर केला, पंजा उघडा, नजर समोर. रिक्षा थांबली. रिक्षाच्या बाजूने मोटरसायकल निघाली ती तिच्या पदराला घासून गेली. फुटपाथला लागल्यावर ती म्हणाली, “आज बरं गेलं.”

लंडनच्या संशोधकांनी माझ्या आईला पाहिलेलं नाही, तरी तिचा वेग त्यांच्या तक्त्यात आहे. गुडघे ठाण्यात वेगळे आणि लंडनमध्ये वेगळे दुखत नाहीत. म्हणून तिकडचं संशोधन मी वाचते, आणि मग इथे टेप लावून बघते.

स्कायवॉकचं म्हणाल, तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पादचारी पूल हवाच, तिथे वाद नाही. पण आतल्या रस्त्यावर आईने चाळीसएक पायऱ्या चढायच्या, तेवढ्याच उतरायच्या, आणि गाडीने मात्र सरळ सपाट जायचं? तिला फक्त सात सेकंद जास्त हवे आहेत. ते मागणारा अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला. “गाड्यांची रांग वाढेल,” असं तोंडी उत्तर मिळालं. रांग मोजतात. फुटपाथवर सिग्नलची वाट बघत उभी असलेली माणसं कोणी मोजली का, हे विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. फेरीवाल्यांचा मुद्दा तुम्ही ओझरता मांडलाय. त्यावर वेगळं लिहीन.

धुळीबद्दल मात्र तुम्ही मला पुन्हा अभ्यासाला बसवलंत. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यांच्या गणितानुसार हवेतला पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकणांचं प्रमाण, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असला, तरी रोज दीड तास सायकल चालवल्यानंतर किंवा दहा तासांहून जास्त चालल्यानंतरच तोटा फायद्यापेक्षा वरचढ होतो. पण हे दीर्घकाळाच्या सरासरीवर मांडलेलं गणित आहे. दमा असलेल्या मुलाला एखाद्या धुरकट सकाळी काय सोसावं लागतं, ते त्यात येत नाही. मी मूळ लेखात ‘प्रदूषणाची भीती अनाठायी आहे’ असं सरसकट लिहून टाकलं होतं. ते चुकलं. तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून ते वाक्य आज बदललं आहे.

एक विनंती. तुमच्याकडच्या सिग्नलला पायी चालणाऱ्यांचा हिरवा किती सेकंद राहतो, तेवढं मोबाइलवर मोजून कळवाल का? रस्त्याची रुंदी मोजायला आम्ही दोघं येऊ, टेप आमच्याकडे आहे. पुढच्या अर्जात तुमचा चौकही घालते.